पाळण्याची खोली

"बसू नकोस गं तिथे!" मामा जवळजवळ ओरडलेच. "बाक मूळचा आहे!"

ती अर्धवट वाकली होती, तशीच पुन्हा सरळ झाली. खांद्यावरची ठमी कुरकुरत तिच्या गळ्याशी तोंड घासत होती.

"मामा, हिला पाजायचंय."

"हो हो, पाजू की. तेवढा जिना बघून घे. अख्ख्या जिन्यात एक खिळा सापडला तर नाव बदलीन."

नवऱ्याचे हे मामा म्हणजे गावाच्या वारसा समितीचे अध्यक्ष, सचिव आणि बहुधा एकमेव सभासद. सकाळपासून त्यांनी घड्याळाचा मनोरा दाखवला, जुनी टपालकचेरी दाखवली, बंद गिरणी दाखवली, आणि आता हे न्यायाधीशांचं घर. प्रत्येक ठिकाणी दोनच मिनिटं. गाडी राहिली होती तिकडे लांब, मनोऱ्यापाशी. टपालकचेरीच्या पायरीवर टेकावं म्हटलं तर 'बसू नये' अशी पाटी. गिरणीच्या ओट्यावर टळटळीत ऊन. आणि ठमीचे नखरे असे की चालत्या खांद्यावर ती पिणार नाही, उन्हात पिणार नाही, कुणी बोलत असलं तरी पिणार नाही. वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी परवाच बजावलं होतं, आता एकही वेळ चुकवायची नाही. एक वेळ केव्हाच टळून गेली होती.

"इथलं ऑफिस वगैरे?" तिने विचारलं.

"रविवारी बंद."

नवरा तिच्या कानाशी आला. "जरा कळ काढ ना. मामांना वाईट वाटेल."

"मी काढते रे कळ. हिला सांग."

त्याने ठमीकडे पाहिलं आणि पाठीवरची पिशवी उगाचच सारखी केली.

वरच्या खोलीच्या दारात मामांचा आवाज हळू झाला. हे घर पाडून गाड्या लावायला मैदान करणार होते, तेव्हा मामा पाडणाऱ्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले होते. ती गोष्ट तिने लग्नात ऐकली होती, बारशात ऐकली होती. आज ते ती सांगत नव्हते. नुसते चौकटीवरून हात फिरवत उभे होते.

"पाळण्याची खोली," ते म्हणाले. "न्यायाधीशांच्या पत्नीने नऊ मुलं वाढवली इथे. कड्या बघ, पितळेच्या. कोरीवकाम बघ. तो लाकडी घोडा थोरल्याचा. आणि ही वेताची खुर्ची साहेबांची. संध्याकाळी इथे बसून वर्तमानपत्र वाचायचे."

"आणि त्या कुठे बसायच्या?"

"कोण?"

"त्यांच्या पत्नी. नऊ जणांना पाजलं ना त्यांनी? कुठे बसून?"

चष्मा वर करून मामा दाराशेजारच्या माहितीफलकापाशी गेले आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आले. पाळणा होता, घोडा होता, खुर्ची होती, खुर्चीचा कारागीरही होता.

"तशी नोंद नाही," ते म्हणाले. "पण प्रश्न चांगला आहे हं. पुढच्या बैठकीत घेतो."

तेवढ्यात ठमीने भोकाड पसरलं. कुरकुर संपली होती. आता घसा खरवडून येणारं, मध्येच श्वास अडकणारं रडणं. तिने दाराला आडवी बांधलेली जाड दोरी एका हाताने उचलली आणि खाली वाकून आत गेली.

"अगं! अगं, दोरी!" मामा. "निदान खुर्चीवर तरी नको. वेत गेलाय तिचा!"

"नाही बसत तुमच्या खुर्चीवर."

खोलीच्या मध्यावर उभी राहून तिने चौफेर पाहिलं. दार थेट जिन्यासमोर; वर येणाऱ्या कुणालाही सगळं दिसणार. खुर्चीवर ऊन. घोड्यापाशी खिडकीचा झोत. एकच जागा होती, पाळण्याच्या उशाकडचा कोपरा. वारा नाही, ऊन नाही, दारातून काही दिसत नाही. ती तिथे जमिनीवरच बसली, पाय पसरले, आणि ठमीला आडवं घेतलं. ठमीने दोनदा तोंड फिरवलं, एक हुंदका दिला. मग गप्प झाली. गिळल्याचा आवाज आला. पुन्हा आला.

दारात मामांनी पाठ फिरवली होती. जिना रिकामाच होता, तरी दोन्ही हात चौकटीला लावून ते वाट अडवून उभे होते. नवऱ्याला त्यांनी "तू खाली जा, कुणी आलं तर थांबव" म्हणून पिटाळलं होतं.

मामांना गप्प राहणं फार वेळ जमलं नाही.

"सूनबाई," ते पाठमोरेच, दबक्या आवाजात म्हणाले, "तेवढं डोकं भिंतीला टेकू नकोस."

"आता भिंतही मूळची का?"

"भिंत नव्यानेच रंगवलीय गं. पण त्या कोपऱ्यात तेलकट डाग आहे एक. किती हात मारले, पुन्हा वर येतोच. रंगारीसुद्धा टेकीला आला. कशाचा आहे कुणास ठाऊक."

तिने मान वळवली. पांढऱ्या रंगातून पिवळसर, तळहाताहून जरा मोठा. बसल्या जागी तिच्या डोक्याच्याच उंचीवर, थोडा डावीकडे, जिथून हात लांब केला की पाळण्याची कड लागत होती.

ठमीला हिसका बसणार नाही अशी ती हळूच डावीकडे सरकली, आणि डोकं तिथे टेकवून तिने डोळे मिटले.