चौकटीबाहेरचा हात

"तोकोनामीसान, हात! पुन्हा फोटोत आलात."

तोकोनामीने हात मागे घेतला. चिसातो छताच्या बांबूला पालथी टांगलेली होती, सुती किमोनोत, चेहरा कॅमेऱ्याकडे. दोन्ही हात पाठीवर, दंडांभोवती तागाच्या दोराचे वेढे. दोराने माणूस बांधून टांगायची ही जपानी कला; वेढे तोकोनामीचे, कॅमेरा इवाकिरीचा.

बांधलेल्या माणसाला तोकोनामी कधी "ठीक आहेस ना?" असं विचारत नसे. माणसं हो म्हणतात. तो पंजाच्या मागच्या बाजूवर बोट टेकवायचा. बांधलेल्याने ते ढकलायचं. ढकललं नाही तर दोर सोडायचा. दंडातली नस दबली की पंजा लुळा पडतो, कधी तासाभरासाठी, कधी काही महिन्यांसाठी. चिसातो ओत्सुका भागातल्या एका दुकानात केस कापायची. तिचं पोट त्याच पंजावर होतं.

"जरा लांब राहा हो," इवाकिरी म्हणाला. "ऊन आत्ता कुठे नीट पडलंय. प्रदर्शनात तुमचं बोट टांगू का?"

"एकच मिनिट देतो."

तोकोनामी संगणकाच्या पडद्यासमोर जाऊन बसला. टिपलेला प्रत्येक फोटो तिथे उमटत होता. दोर सुटला की त्याच्या कामाचं काहीच उरत नसे. उरायचा तो फोटो. आपल्या गाठी इतक्या देखण्या त्यालाही कधी दिसल्या नव्हत्या.

मिनिट होऊन गेलं. चिसातोच्या कपाळावर आठी पडली. ओठ किंचित उघडले.

"हा! हाच चेहरा!" इवाकिरी ओरडला. "हलू नकोस, चिसातो. तोकोनामीसान, बघताय ना?"

"सुरेख," तोकोनामी म्हणाला.

कॅमेरा वाजत राहिला. खिडकीवर ढग आला तेव्हा कुठे तोकोनामी उठला. त्याने तिच्या उजव्या पंजावर बोट टेकवलं.

"ढकल."

"ढकलतेय."

बोट जागचं हललं नाही.

त्याने तिला खाली घेतलं, भराभर दोर सोडला. बाही वर सारली, दंडावर लाल वळ होते. तिने हात कोपरातून वर केला; मनगटापुढे पंजा नुसता लोंबला.

"बोलली का नाहीस गं?" त्याचा आवाज चढला.

"तुमच्या बोटाची वाट बघत होते. आणि चेहरा चांगला आलाय म्हणत होतात ना दोघं."

"मुंग्या असतील," इवाकिरी म्हणाला. "माझा पाय नाही का, जेवायला बसलं की..."

"तू गप्प बस."

चिसातो पडद्याकडे बघत होती. "हात नेमका कधी गेला, ते दिसेल का त्यात?"

इवाकिरी फोटो एकेक करत मागे नेऊ लागला. लोंबलेला पंजा. लोंबलेला पंजा. पुन्हा तोच. अखेर एका फोटोत बोटं ताठ होती.

"थांब. आता एक पुढे घे," तोकोनामी म्हणाला.

पुढच्या फोटोत अंगठा खाली गळला होता. कपाळावर आठी, ओठ किंचित उघडे. तोकोनामीने मान फिरवली.

"हा पुसून टाकतो," इवाकिरी हळूच म्हणाला.

"कशाला? चेहरा चांगला आलाय," चिसातो म्हणाली. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.