शेजारची सीट

पाचव्या गाडीचंही दार बाबांनी उघडलं, ते चालकाच्या बाजूचं नाही, शेजारचं. आत बसले, पाय लांब केले, डोकं मागे टेकवलं आणि सीटच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"टाका सैल आहे," ते म्हणाले. "वर्षभरात उसवणार."

जुन्या गाड्या विकणाऱ्याचं नाव मुलीने मनातल्या मनात 'चकाचक' ठेवलं होतं, कारण त्याच्याकडची एकूण एक गाडी चकाचकच होती. त्याने कपाळाला हात लावला. "काका, इंजिन बघा की! चकाचक आहे. सीट काय, कुणीही शिवून देईल."

"कुणीही म्हणजे मीच," बाबा म्हणाले. दहावीत शाळा सुटली तेव्हापासून सगळा जन्म त्यांनी शिलाई मशीनवर काढला होता.

मुलीला हसू आलं आणि रागही आला. सोमवारी तिला कॉलेजात गणित शिकवायला हजर व्हायचं होतं. पहिलीवहिली नोकरी. कॉलेज तासाभराहून लांब, आणि पहिली बस पोचेपर्यंत सकाळचा पहिला तास आटोपलेला असायचा. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका सरळ मामला. आणि शनिवार उजाडला तरी बाबांचं खुसपट काढणं काही संपत नव्हतं.

एक गाडी पेट्रोल कमी खाणारी, किंमतही आवाक्यातली. पण शेजारच्या सीटवर गुडघे अडकतात म्हणून ती बाद. दुसरीच्या आतला दिवा लागत नव्हता. तिसरी खड्ड्यात अशी उसळायची की बाबांना हातातलं वर्तमानपत्र वाचता येईना. चौथीत म्हणे पायाशी पिशवी ठेवायला जागा नाही.

"बाबा, गाडी मी चालवणार आहे ना?"

"हो तर. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग गाडीत पेपर कोण वाचणार आहे?"

"गाडी स्थिर हवी गं, एवढंच." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. या चष्म्याचंही एक नाटक होतं. गेली काही वर्षं डोळे थकतात म्हणून ते संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचे आणि मागच्या खोलीत दार लोटून पडायचे. दिवा मात्र उशिरापर्यंत जळत असे. कुणी आत गेलेलं त्यांना खपत नसे.

खरं कारण आपल्याला कळलंय, असं मुलीला वाटत होतं. तिचा परवाना नवाकोरा, हात नवखा, आणि बाबांचा तिच्यावर भरवसा नाही. ती सायकल शिकत होती तेव्हा त्यांनी मागचं कॅरिअर इतके दिवस धरून ठेवलं की गल्लीतली पोरं त्यांना 'तिसरं चाक' म्हणायची. आता हे तिसरं चाक शेजारी बसून रोज कॉलेजपर्यंत येणार. तिला वाईट वाटत होतं ते त्याचंच. जगाने काय म्हणायचं ते म्हणावं, पण बाबांनी तरी एकदा म्हणायला हवं होतं, जा, जमेल तुला.

सहावी गाडी पांढरी होती, मागच्या दाराला पोचा आलेली. ओळखीच्या मेकॅनिकने खाली वाकून, वर चढून, टायर ठोकून ती पास केली. मुलीने ती दोन चौकांपर्यंत फिरवून आणली. बाबांनी वाटेत सबंध अग्रलेख वाचला आणि गतिरोधकावर शांतपणे पान उलटलं.

"हीच घे," ते म्हणाले.

चकाचकने दोन्ही हात जोडले. ते आनंदाने की सुटकेने, कोण जाणे.

घरी आईने दारातच विचारलं, "ठरली का एकदाची? सुटले बाई! दोघांची सोय लागली."

"दोघांची?"

"तुझी आणि त्या गाडीची," आई म्हणाली आणि कपाट आवरायला वळली. तिचे खांदे हसल्यासारखे हलत होते.

रविवारी बाबांनी मुलीला जाड निळ्या कापडाची पिशवी शिवून दिली. पुस्तकांचा एक कप्पा, डब्याचा वेगळा. तशीच आणखी एक खुंटीला लटकत होती.

"कापड उरलं होतं," बाबा म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

सोमवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, ती दुसरी पिशवी खांद्याला लावून गाडीत हजर. "घाऊक बाजारातून अस्तर आणायचंय. कॉलेजच्या अलीकडच्या चौकात सोड मला."

मुलीने गाडी सुरू केली. वाटभर बाबा डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. जीव मुठीत धरून बसलेत, तिला वाटलं. मग तिनेही ईर्ष्येने गाडी अशी चालवली की कुठे धक्का नाही, कुठे करकचून ब्रेक नाही.

चौकात उतरताना बाबा म्हणाले, "छान चालवलीस."

"म्हणजे घाबरला नव्हता?"

"घाबरलोय तर! पण गाडीला नाही," म्हणत ते गर्दीत दिसेनासे झाले.

पहिल्या वर्षाचा वर्ग गच्च भरला होता. मागच्या बाकांवर कागदी विमानं उडत होती. मुलीने घसा साफ केला, खडू उचलला आणि फळ्यावर पहिलं समीकरण लिहिलं. तेवढ्यात मागे एकदम शांतता पसरली आणि कुणीतरी खुदकन हसलं. ती वळली.

दारात बाबा उभे होते. धापा टाकत, खांद्याला निळी पिशवी आणि गळ्यात पहिल्या वर्षाचं नवंकोरं ओळखपत्र.

"चौकातून चालत आलो म्हणून उशीर झाला, मॅडम. उद्यापासून फाटकापर्यंत तुमच्या गाडीतूनच येईन. आत येऊ का?"