ठिपके कुणाचे

सून बाळंतीण होती, म्हणून या खेपेचं भिली चित्र सासूने एकटीनेच पुरं केलं. मोळी आणणारी बाई, वासराला चाटणारी गाय, विहिरीवर भांडणाऱ्या जावा. सगळ्यांची अंगं ठिपक्यांनी भरली. महिनाभर नेटाने बसली.

संग्रहालयातल्या साहेबांनी चष्मा पुसून चित्र निरखलं.

"आजी, प्रत्येक चित्रकाराचा ठिपका वेगळा असतो. पाच वर्षं तुमचे ठिपके बघतोय. हे तुमचे नाहीत. दुसऱ्याचं काम तुमच्या नावाने घेता येणार नाही."

सासूने चित्रावरून बोट फिरवलं. पाच वर्षांत सुनेने कुठे ब्र काढला नव्हता.

"आधीच्या चित्रांवर सुनेचं नाव घाला, साहेब," ती म्हणाली. "माझं एवढं एकच."