बेचाळिसावा प्रश्न

धक्का सोडून अर्धा तास झाला तरी ग्रंथपालांची वही मिटेना. विकत घ्यायच्या बोटीबद्दल वहीत एकेचाळीस प्रश्न होते. आत उभं राहिल्यावर डोकं आपटतं का, हा पहिला. बोट कलली की शेगडीवरचं भांडं सांडतं का, हा सतरावा. उत्तरं चांगली येत होती. झोपायच्या जागा तिघांना पुरून उरत होत्या, कठडे पक्के होते, तळ उथळ असल्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना लहानसहान खाड्यांतही शिरता येणार होतं. कारखान्यातून शेकड्यांनी निघालेली तीस फुटी साधी शिडाची बोट, पण तिला नाव ठेवायला जागा सापडत नव्हती.

"कसली गुणाची आहे बघ," ते बायकोला म्हणाले. "घ्यायची ना?"

बायको बसचालक होती. बारा वर्षं शहरातल्या गर्दीतून मोठी बस हाकणारी बाई, पण आज सकाळपासून आनंदानं तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. बोट तिलाही हवी होती, नवऱ्यापेक्षा काकणभर जास्तच. फक्त तिचा एक प्रश्न होता आणि तो वहीत नव्हता. तिनं नवऱ्याच्या डोक्यावरची नवी कोरी गवती टोपी उचलली आणि दिली पाण्यात भिरकावून.

"अगं, हे काय?"

"तुम्ही पडलात पाण्यात. आता बोटीवर मी आणि खारूच. तुम्हाला परत आणता आलं तर बोट घेऊ. नाही आलं तर नको. सामान म्हणून मी समुद्रावर यायची नाही."

खारू म्हणजे त्यांची दहा वर्षांची लेक. दिसेल त्यावर चढून बसते म्हणून हे नाव. दोन उन्हाळे मायलेकी तळ्यातल्या छोट्या होड्यांवर शिकल्या होत्या, तेवढीच शिदोरी.

"इंजिन लावू का?" बोटीच्या म्हाताऱ्या मालकांनी विचारलं.

"ते बंद पडलंय असं धरा, काका. आणि तुम्ही आज आलाच नाहीत."

मालक हसले आणि सुकाणूचा दांडा तिच्या हाती देऊन बाजूला सरकले. तिनं बोट वळवली. टोपी स्टॉपवर उभ्या प्रवाशासारखी समोर दिसत होती. वारा पाठीशी होता, बोट सुसाट निघाली. टोपी जवळ आली तसा तिचा उजवा पाय सवयीनं ब्रेकसाठी खाली दाबला गेला. पायाखाली नुसती फळी होती. टोपी मागे पडली.

"अगं, वाऱ्याच्या..." ग्रंथपालांनी तोंड उघडलं.

"बाबा, तू बुडालायस," खारू म्हणाली. "बुडलेली माणसं बोलत नाहीत."

ग्रंथपाल तोंडावर हात ठेवून बसले. सहा पुस्तकांतून वाचलेलं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं आणि ते गिळताना त्यांचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

दुसऱ्या खेपेला तिनं खारूला शिडाचा दोर आधीच सैल सोडायला लावला. तरी वारा मागून ढकलतच राहिला. खारूची आकडीची काठी टोपीला वीतभर अंतरावरून चुकली. टोपी आता जड झाली होती, वर फक्त कड दिसत होती. आणखी एकदाच, मग टोपीही नाही आणि बोटही नाही.

बायकोनं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. आणि एकदम हसली.

"खारू, वारा पाठीशी म्हणजे आपण उतारावरून येतोय गं. बस उतारावर कशी थांबेल? चढ चढत येऊ."

ती टोपीला वळसा घालून वाऱ्याच्या दिशेनं खाली गेली, चांगली लांब, आणि मग बोटीचं नाक तिनं थेट वाऱ्याकडे केलं. "सोड!" खारूनं दोर सोडला. शीड फडफडायला लागलं. बोट चढाला लागलेल्या भरल्या बससारखी मंदावली, आणखी मंदावली, आणि टोपीच्या शेजारी येऊन अगदी उभी राहिली. कमरेचा पट्टा कठड्याला अडकवून खारू पालथी पडली आणि तिनं काठी खाली घातली.

"सापडला," ती ओरडली. "बाबा सापडला."

टोपी तशीच निथळती ग्रंथपालांच्या डोक्यावर गेली. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी बायकोकडे नुसतं पाहिलं. बोलायची परवानगी आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

मालक दांड्यावर ठेवलेल्या तिच्या हाताकडे बघत होते. "चौदा वर्षं ही बोट चालवली," ते म्हणाले. "माझी बायको दर खेपेला सोबत असायची. दांडा कधी तिच्या हातात दिला नाही. तिनं मागितलाही नाही, असं मला वाटायचं."

शीड अजून फडफडत होतं.

"माझ्याकडून हो," ती नवऱ्याला म्हणाली. "वहीत लिहून ठेवा, बेचाळिसावा."

ग्रंथपालांनी ओल्या हातांनी घाईघाईत लिहिलं. वही मिटणार तोच तिनं डोक्याचा लाल रुमाल सोडला, हात लांब करून पाण्यात टाकला आणि दांडा त्यांच्यापुढे केला.

"हा त्रेचाळिसावा," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून गप्प बसली.

ग्रंथपालांनी दांड्याकडे पाहिलं, मग वहीकडे. वही त्यांनी खाली ठेवली. रुमाल लाटेवर पसरत दूर चालला होता.