माझं पहिलं ‘अ‍ॅक्शन’

जंगलातल्या फिल्म शिबिरात माझा पहिलावहिला शॉट होता आणि ऊन उतरत चाललं होतं. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज शेजारणीपलीकडे जात नाही, आणि इथे चक्क दिग्दर्शक मी! नटदादा गुडघाभर गार ओढ्यात उभा होता. मी म्हटलं, “अ‍ॅक्शन.” दादा ढिम्म. पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म! कॅमेरावाली ताई म्हणाली, “अगं, कुणाच्या कानात सांगतेयस?” मग मात्र मी पोटातून अशी काही ओरडले, की दादा चालायला लागला आणि शॉट झक्कास झाला.

त्याला टॉवेल देताना मी म्हटलं, “सॉरी दादा, माझा आवाज पोचेना म्हणून तू उगाच गारठलास.”

दात वाजवत तो हसला. “अगं वेडे, मला तर पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.”