हाड कशानं भरलं?

"भरलं! हुसेन, हाड भरलं रे!"

एक्स-रेची ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर गोपाळकृष्ण नाचायचेच काय ते बाकी होते. अकोल्यात त्यांच्याकडे लोक यायचे ते दात उपटून घ्यायला. हलणारा दात वाचवता येतो, हे कोणाला पटतच नसे. पण बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्या हुसेनचे खालचे पुढचे दात खिळखिळे झाले, आणि दात गेले तर वाजवणंही गेलं, म्हणून तो बिचारा ऑपरेशनला तयार झाला. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या उघडल्या, मुळांवरची घाण खरवडून काढली, टाके घातले. वर सूज उतरवायची नवी गोळी दिली. महिनाभर, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. सूज उतरली की दाताभोवतीचं झिजलेलं हाड लवकर भरून येतं, असं डॉक्टरांच्या मनानं घेतलं होतं. आणि आज, सहा महिन्यांनी, ऐन चैत्रात, लग्नसराई तोंडावर आली असताना, ते भरलेलं हाड त्यांना डोळ्यांनी दिसत होतं!

"दात हलवून पाहा. हलतात?"

"नाई साब, पक्के झाले." हुसेन हसला आणि उगाच टोपी चाचपू लागला.

उद्या अमरावतीला डॉक्टरांची सभा होती. तिथे गोपाळकृष्ण या गोळीवरच बोलणार होते. भाषण तोंडपाठ होतं. मोठमोठे डॉक्टर माना डोलावताहेत, हे चित्रही त्यांना आठवडाभर दिसत होतं.

आनंदात मिठाचा खडा पडला तो खुशालराव वकिलांचा. वकीलसाहेब समोरच खुर्चीत बसले होते. त्यांचंही ऑपरेशन हुसेनच्याच आठवड्यात झालेलं. तेच दात, तसेच हलणारे, तीच गोळी. पण त्यांच्या फिल्मवर दाताभोवतीचा काळा खड्डा होता तसाच होता.

"वकीलसाहेब, खरं सांगा. गोळ्या घेतल्या नाहीत ना?"

"एकबी नाही सोडली! बायको घड्याळ पाहून देत होती मले."

"मग हाड काहून नाही भरलं? हा हुसेन पाहा. सांगितलं तसं वागला, म्हणून भरलं. कोर्टात काय बोलायचं ते बोला, माझ्यापाशी खोटं बोलू नका!"

खुशालरावांचा चेहरा लाल झाला. एरवी त्यांनी समोरच्याला उभा सोलला असता. पण ज्याच्या हाती आपले दात, त्याच्याशी भांडायची सोय नसते. डॉक्टरांनी नवी बाटली फोडली आणि दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"आता दुप्पट. आणि माझ्यासमोर."

वकीलसाहेबांनी फुरंगटून दोन्ही गोळ्या जिभेवर टाकल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

"डॉक्टरसाब," हुसेन एकदम उठला. "वकीलसाबले झूट नका म्हणू. गोळ्या मी नाही खाल्ल्या."

"काय?"

"टाके घातले अन् रमजान लागला. तुमी तीनदा म्हणाले, जेवल्यावर. रोज्यात जेवण दोनदाच. अर्धीमुर्धी दवा खाऊन तुमची मेहनत काहून बिघडवू? म्हणून हातच नाही लावला. ईद झाली तवर दुखणं बी गेलं. तुमी एवढ्या मायेनं दिल्या होत्या साब, सांगाची हिंमत नाही झाली."

पेला हातात तसाच. गोळ्या तोंडात. वकीलसाहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. उद्याचं भाषण गेलं. माना डोलावणारे मोठे डॉक्टर गेले. चारचौघांत हसं व्हायचं ते आज घरातच झालं, एवढंच. त्यांनी दोन्ही फिल्मा उचलल्या आणि शेजारी शेजारी धरल्या. ज्यानं एक गोळी खाल्ली नाही, त्याचं हाड भरलेलं. ज्यानं घड्याळ लावून खाल्ल्या, त्याचा खड्डा तसाच.

हुसेन मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहत होता. पण डॉक्टर त्या दोन फिल्मांवर मघापेक्षाही उत्सुकतेनं वाकले होते. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण हा प्रश्न आपण आजवर उलटाच धरला असेल तर? गोळीनं हाड भरत नसेल, उलट भरणारं हाड अडत असेल तर?

खुशालरावांच्या जिभेला गोळ्या कडू लागू लागल्या होत्या. त्यांनी नाइलाजानं पेला ओठांना लावला.

"थुंका!" डॉक्टर झेपावलेच. "वकीलसाहेब, थुंका त्या गोळ्या!"