चर्चसमोरचं हॉटेल

धुकं इतकं उतरलं की पुढची मेंढीसुद्धा दिसेना, तेव्हा दत्तात्रय मिराशींनी गाडी कडेला घेतली. डाव्या हाताने काच खाली केली आणि गार हवा छातीभर ओढून घेतली. ऑगस्ट महिन्यात अंगात स्वेटर! रियाधमध्ये आज पारा शेहेचाळीसला टेकला असणार. सव्वीस वर्षं तिथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेली होती. हिरवा रंग पाहायचा तो वॉर्डातल्या पडद्यांवर.

उतारावर दगडी बांध होते, त्यापलीकडे पडका बुरूज. त्यांनी फोटो काढला. फोटोत पाटी, दुकान, माणूस काही येऊ द्यायचं नाही, याबाबत ते भलते काटेकोर होते. नुसतं हिरवं हवं. मग तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आयर्लंड, दिवस नववा.'

रियाधच्या मराठी मंडळात ही रीतच पडून गेली होती. ज्याची मुलं परदेशात, त्याने उन्हाळ्यात तिकडे जायचं आणि इकडे अल मलाझ वस्तीत घाम पुसत बसलेल्यांना असे फोटो पाठवून जळवायचं. दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमात दत्तात्रयांना एकच प्रश्न, "मग, निधीकडे कधी?" यंदा एकदाचं त्यांनी उत्तर दिलं. मंडळींनी वर्गणी काढून छत्रीही भेट दिली.

लगेच मंडळाच्या सेक्रेटरी अर्चना वहिनींचा मेसेज आला. "भाऊजी, स्वर्ग आहे हो! किती वाजले तिकडे?"

दत्तात्रयांनी घड्याळ पाहिलं, दोन तास वजा केले आणि लिहिलं, "साडेअकरा."

"निधी कशी एकाही फोटोत नाही?"

"ड्यूटी. नर्सला कुठली आलीये रजा!"

"आज मुक्काम कुठे?"

त्यांनी खिशातला कागद काढून पाहिला. मग लिहिलं, "डिंगल. चर्चसमोरचं छोटं हॉटेल."

डिंगल हे नाव निधीच्या यादीतलं. या सहलीचा बेत मुळात तिचा. आई, म्हणजे अहिल्या, गेली त्याच वर्षी तिला डब्लिनला नोकरी लागली. निघताना तिने कागदावर गावांची नावं लिहून दिली होती. "बाबा, मी सेटल झाले की दहा दिवस नुसतं खेड्यापाड्यांतून फिरू. गाडी तुम्ही चालवा, रस्ता मी सांगेन."

मग तिने शाहिद निवडला. चिपळूणचा, तिच्याच वॉर्डातला नर्स. लग्नाला या म्हणून तिने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा दत्तात्रय म्हणाले, "मला मुलगी नाही." शब्द गेला तो गेला. त्यानंतर ना तिचा फोन, ना यांचा. मंडळात यातलं कुणाला माहीत नव्हतं, आणि कळू द्यायची त्यांची छातीही नव्हती. चूक आपली, हे त्यांना पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. रोज तिचा नंबर काढायचा, बघायचा आणि फोन ठेवून द्यायचा. तीही म्हणाली, मला बाप नाही, तर?

संध्याकाळी हॉटेलात परतले तेव्हा काउंटरवर सिराजुद्दीन होता. रत्नागिरीचा. जगात कुठेही जा, काउंटरमागे कोकणी माणूस सापडतोच. न सांगता त्याने चहा आणून ठेवला.

"उद्या निघणार ना साहेब?"

"हो. रजा संपली."

"आठ दिवस बघतोय, एकटेच फिरताव. घरचं कोण नाय?"

"मुलगी येणार होती."

"मग?"

"रस्ता तीच सांगणार होती," दत्तात्रय म्हणाले आणि कपात बघत राहिले.

सिराजुद्दीनने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "माझी पोरगी पण लांब असते साहेब. रुसली की मीच फोन लावतो. पोरीपुढं कसली आलीय अब्रू?"

चहा गार झाला. दत्तात्रय खोलीवर गेले, पलंगाच्या कडेला बसले आणि निधीचा नंबर काढला. या वेळी ठेवून दिला नाही. 'निधी, माझं चुकलं. शाहिदचीही माफी मागायची आहे. तुझ्याशिवाय करमत नाही,' एवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला. पाठवलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. खोटेपणाचा एक शब्द त्यात नव्हता. उत्तराची वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

सकाळी नऊला फोनच्या आवाजाने जाग आली. निधी! त्यांनी चाचपडत चष्मा शोधला. तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, लहानपणी लिहायची तसं.

'बाबा, मीही चुकले. अर्चना काकू मला तुमचे सगळे फोटो पाठवतात, कालचा मुक्कामही त्यांनीच कळवला. आठ दिवस रोज वाटायचं, आज दारात याल. काल तुमचा मेसेज वाचून खूप रडले. इतक्या जवळ येऊन तुम्ही घाबरताय, म्हणून मीच निघाले. रात्रभर शाहिदने गाडी चालवली. आम्ही डिंगलला चर्चसमोरच्या हॉटेलात उभे आहोत. इथे तुमचं नाव सापडत नाही. कुठल्या खोलीत आहात?'

दत्तात्रयांनी ते दोनदा वाचलं. तिचा फोन येऊ लागला. त्यांना तो उचलवेना आणि बंदही करवेना.

दारावर टकटक झाली. सिराजुद्दीन बाहेरूनच म्हणाला, "साहेब, गाडी पुसून ठेवलीय. आता हा डोंगर उतरून निघालाव तर गाडीनं रात्री जेवायला रियाधात असाल."